बालकांसह सीमापार एकदिवसीय प्रवास : वैद्याने द्यावयाचा सल्ला

लुंबिनीच्या दर्शनास निघालेली महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे गोरखपूर येथे उतरून, सुनौलीमार्गे नेपाळात जाऊन त्याच दिवशी परतण्याचा बेत आखतात. निघण्यापूर्वी ‘वैद्यराज, लहानग्याला बरोबर न्यावे का?’ हा प्रश्न आपल्यापुढे येतो. ‘काही हरकत नाही’ म्हणून दोन पुड्या बांधून देणे सोपे आहे. परंतु वय, देश, काल आणि मार्ग यांचा विचार केल्यावाचून हे उत्तर देता येत नाही.

प्रथम मार्ग पाहू. गोरखपूर ते सुनौली सुमारे १०० कि.मी. आणि तेथून लुंबिनी सुमारे २७ कि.मी. अंतर आहे. सीमेवरील खोळंबा धरता जाण्यायेण्यात सात-आठ तास सहज जातात. भारतीय वाहन नेल्यास ‘भन्सार’ची, म्हणजे नेपाळी सीमाशुल्काची पावती घ्यावी लागते. लुंबिनीचा परिसर विस्तीर्ण असल्याने पायपीटही होते.

सुश्रुतांनी बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन वर्ग केले आहेत. एक वर्षापर्यंतच्या क्षीरप बालकाचा आहार मातेबरोबरच असतो. त्याला त्रास होतो तो उष्म्याचा व अस्वस्थ निद्रेचा. दुसऱ्या वर्षातील क्षीरान्नाद बालक सर्वांत नाजूक समजावे, कारण बाहेरचे अन्नपाणी त्याच्या मुखी जातेच. अन्नाद बालक प्रवास सोसते. मात्र रांगेत मलमूत्राचे वेग धारण करावयास लावू नयेत. ज्वर, अतिसार, छर्दी किंवा श्वास यांतून नुकत्याच उठलेल्या बालकाचा प्रवास स्पष्ट शब्दांत पुढे ढकलावा.

तराई हा आनूप देश. मे-जूनमध्ये तेथे प्रखर उष्मा, तर डिसेंबर-जानेवारीत दाट धुके व थंडी असते. पावसाळ्यात व त्यानंतर जपानी मेंदूज्वराचे भय असते. गोरखपूर परिसरात २००५ साली त्याची मोठी साथ आली होती. हा रोग पसरविणारे डास मुख्यत्वे सायंकाळपासून पहाटेपर्यंत दंश करतात. म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतता येत नसेल, तर बेत बदलावा. लसीबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला पुरेसा आधी घ्यावा. आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. परतल्यावर पाच ते पंधरा दिवसांत ज्वरासह आक्षेप, ग्लानी वा वारंवार छर्दी दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता बालकास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नाव नसलेली चूर्णाची वा भस्माची पुडी सीमेवरील तपासणीत संशयास कारण होते. द्यावयाचे ते मूळ वेष्टनात, घटकद्रव्ये व बॅच क्रमांक छापलेल्या लेबलसह आणि चिकित्सापत्रासह द्यावे. अहिफेन वा भंगा असलेला कल्प मुळीच देऊ नये. क्षार-शर्करायुक्त पेयाची पाकिटे व उकळून गार केलेले पाणी एवढी शिदोरी बहुधा पुरते. एक वर्षाखालील बालकास मधाचे अनुपान सांगू नये. त्यातून बोट्युलिझम हा दुर्मीळ परंतु घातक विकार संभवतो.

कागदपत्रांअभावी सीमेवरून परतावे लागल्यास श्रम वाया जातात. भारतीय नागरिकास नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. प्रौढाने पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. पंधरा वर्षांखालील मुलास वय व ओळख सांगणारे छायाचित्रयुक्त पत्र पुरते. त्यासाठी आधार चालते. परदेशात जन्मलेल्या, विदेशी पारपत्र असलेल्या नातवंडास मात्र ही सवलत नाही. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करून घेण्यास सांगावे.

हे सर्व पाहता अन्नाद, निरोगी बालक, सौम्य ऋतू व पहाटेचे प्रस्थान असे जुळत असेल, तर अनुमती द्यावी. क्षीरान्नाद बालक असल्यास लुंबिनीत एक मुक्काम सुचवावा, किंवा गोरखपूरहून सुमारे ५० कि.मी. अंतरावरील कुशीनगर दाखवावे. तेथे सीमा ओलांडावी लागत नाही. आजीआजोबांचा आग्रह मोडणे वैद्यासही जड जाते, हे खरे. परंतु लुंबिनी पुढल्या वर्षीही तेथेच आहे, आणि बालकाला आपली अडचण बोलून दाखविता येत नाही. ती त्याच्या वतीने आपणच सांगावयाची असते.