संगणकाची तक्रार: साक्ष आणि निकाल

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं सहज येते. दोष एकीकडे असावा आणि उपाय भलतीकडेच व्हावा, असा प्रकार व्यवहारांत पदोपदीं घडतो, म्हणूनच ती टिकून राहिली आहे. संगणकाच्या दुरुस्तींत तर तिचा प्रत्यय फार लवकर येतो. कारण संगणक आपलें दुखणें स्वतःच बोलून दाखवितो, आणि रोग्यानें स्वतः सांगितलेलें दुखणें ऐकणाऱ्यास खरें वाटतें. ‘प्रोसेसर क्रमांक १ मध्यें अंतर्गत दोष’ अशीं अक्षरें पडद्यावर उमटलीं, कीं प्रोसेसर क्रमांक १ काढून टाकावा, याहून सोपा निष्कर्ष तो कोणता? परंतु हा निष्कर्ष जितका सोपा, तितकाच तो पुष्कळदां चुकीचा ठरतो. तो कां चुकतो आणि खरा दोष कसा हुडकून काढावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण बँकेची खतावणी, रुग्णालयाचे कागद आणि रेल्वेचें आरक्षण हें सर्व आज अशाच यंत्रांच्या हवालीं झालेलें आहे.

ह्या यंत्रांना सर्व्हर म्हणतात. नवी मुंबईंतील डेटा सेंटरांत किंवा जगांतील कोणत्याहि डेटा सेंटरांत गेलें, तर १९ इंच रुंदीच्या पोलादी मांडण्यांमध्यें हीं यंत्रें एकावर एक आडवीं बसविलेलीं दिसतात. त्यांची उंची मोजण्याचें माप १.७५ इंचांचें, त्यास ‘यू’ म्हणतात. एक किंवा दोन ‘यू’ उंचीच्या ह्या पेटींत बहुधा दोन प्रोसेसर, त्यांच्या दोन्ही बाजूंस मेमरीच्या पट्ट्या, जाळ्याशीं व साठवणुकीशीं जोडणारीं कार्डें, पंखे आणि वीजपुरवठ्याचे दोन संच इतका प्रपंच भरलेला असतो. प्रोसेसर हा ह्या संसाराचा कर्ता पुरुष. घरांत कोणाचेंहि बिनसलें, तरी बोल त्याच्याच नांवावर येतो.

आतां प्रोसेसरला चूक झाल्याचें कळतें तरी कसें? दुकानदार रकमांच्या रकान्याखालीं बेरीज मांडतो. पुढें एखादा आंकडा बिघडला, तर बेरीज जुळत नाहीं आणि चूक उघडी पडते. त्याचप्रमाणें संगणकांत मूळ अंकांबरोबर पडताळ्याचे कांहीं जादा अंक ठेवलेले असतात. ह्या युक्तीचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ आठवड्याच्या शेवटीं संगणकावर काम लावून जात असे. सोमवारीं येऊन पाहावें, तों यंत्रानें चूक ओळखून त्याचें काम अर्ध्यावरच टाकून दिलेलें! यंत्राला चूक ओळखतां येते, तर ती सुधारतां कां येऊं नये, असा प्रश्न त्याला पडला. आणि त्याचें उत्तर त्यानें १९५० सालीं प्रसिद्ध केलें. सर्व्हरच्या मेमरींत आज सामान्यतः असें असतें कीं, एक अंक उलटला तर तो जागच्या जागीं दुरुस्त होतो व केवळ नोंद राहते. दोन उलटले तर चूक कळते, परंतु सुधारतां येत नाहीं.

इंटेल कंपनीनें १९९५ सालच्या पेंटियम प्रो ह्या प्रोसेसरपासून अशा नोंदींसाठीं एक पद्धतशीर व्यवस्था केली. प्रोसेसरच्या निरनिराळ्या भागांसाठीं निरनिराळे कप्पे असून प्रत्येकांत ६४ अंकांची एक नोंद मावते. त्यांतील एक अंक सांगतो कीं नोंद ग्राह्य आहे. दुसरा सांगतो कीं चूक सुधारतां आली नाहीं. तिसरा सांगतो कीं प्रोसेसरची स्वतःची स्थितीहि आतां विश्वासास पात्र राहिली नाहीं. हा तिसरा अंक उमटला, कीं यंत्र सर्व काम थांबवितें. प्रामाणिक कारकुनानें चुकीची रक्कम खतावणींत मांडण्यापेक्षां लेखणी खालीं ठेवावी, तसेंच हें आहे.

यंत्र असें मध्यरात्रीं थांबलें, म्हणजे माणसाचा पहिला हात जातो तो विजेच्या बटणाकडे. ‘बंद करून पुन्हां सुरू करा’ हा सल्ला सर्वतोमुखीं झालेला आहे. परंतु येथें तो घातक ठरतो. प्रोसेसरच्या कप्प्यांतील नोंदी यंत्राला नुसता पुनरारंभ दिला तर बहुधा शाबूत राहतात. वीज पूर्ण तोडली तर पुसल्या जातात. चोरी झालेल्या घरांत पंचनाम्यापूर्वीं केरवारे करावेत, तसा हा प्रकार होतो. सुदैवानें प्रत्येक चांगल्या सर्व्हरमध्यें देखरेखीसाठीं एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असलें, तरी भिंतींतून येणाऱ्या विजेवर तो जागा राहतो आणि तापमान, पंख्यांचा वेग, विजेचा दाब व घडलेल्या घटना वेळेसह लिहून ठेवतो. १९९८ सालीं इंटेल, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल ह्या कंपन्यांनीं अशा देखरेखीची एक सामाईक पद्धति ठरविली. तेव्हां ह्या टिपणवहीची आणि संगणकप्रणालीच्या नोंदींची प्रत प्रथम काढून ठेवावी. नंतरच यंत्रास हात लावावा.

ह्यानंतरचा प्रश्न असा कीं, ती साक्ष वाचावी कशी? ती खोटी नसते, पण अपुरी असते. पूर्वीं मेमरीचें नियंत्रण करणारा भाग प्रोसेसरच्या बाहेर, स्वतंत्र चकतींत असे. एएमडी कंपनीनें २००३ सालीं आणि इंटेलनें २००९ सालीं आपल्या सर्व्हरच्या प्रोसेसरांत तो भाग आंत घेतला. पुढें कार्डांशीं बोलणारा भागहि आंत आला. परिणाम असा झाला कीं, मेमरीची पट्टी बिघडली तरी तक्रार प्रोसेसरच्या कप्प्यांत लिहिली जाते. एखादें कार्ड उत्तरच देईना, आणि वाट पाहून प्रोसेसरची मुदत संपली, तरी ‘प्रोसेसरमध्यें अंतर्गत दोष’ हेंच शब्द पडद्यावर येऊं शकतात. दुखणें जेथें जाणवलें ती जागा यंत्र सांगतें. दुखणें कोठें उपजलें, हें सांगणें पुष्कळदां त्याच्या आवांक्याबाहेरचें असतें.

म्हणून शोध बाहेरून आंत करावा. पंखे बंद पडले होते काय, वीजपुरवठ्याच्या एखाद्या संचानें त्याच क्षणीं मान टाकली होती काय, हें टिपणवहींत पाहावें. यंत्राचें फर्मवेअर जुनें असेल तर नवें घालावें. प्रोसेसर घडवितांना त्यांत राहिलेल्या दोषांच्या याद्या कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात, आणि त्यांपैकीं कित्येकांवरचा उतारा फर्मवेअरमधूनच येतो. तरीहि तक्रार राहिली, तर कार्डें काढून, एक प्रोसेसर आणि मेमरीची एक पट्टी एवढ्यावर यंत्र चालवावें, आणि मग एकेक वस्तु परत बसवीत जावें. एका वेळीं एकच बदल, हा येथील मुख्य नियम होय. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुधारलें, तर यश मिळतें; ज्ञान मिळत नाहीं.

अखेरची कसोटी अदलाबदलीची. पहिल्या सॉकेटमधील प्रोसेसर दुसऱ्यांत आणि दुसऱ्याचा पहिल्यांत बसवावा. मेमरीच्या पट्ट्या मात्र होत्या तेथेंच ठेवाव्यात. तक्रार प्रोसेसरबरोबर स्थलांतर करील, तर दोष प्रोसेसरचा. ती जुन्याच सॉकेटपाशीं राहील, तर दोष मदरबोर्डाचा किंवा त्या बाजूच्या पट्ट्यांचा व कार्डांचा. आणि तक्रार अजिबात नाहींशी झाली, तर? मग दोष बहुधा नुसत्या सांध्याचा होता. काढून पुन्हां नीट बसविण्यानेंच तो गेला.

ही तिसरी शक्यता फार महत्त्वाची आहे. अधीर तंत्रज्ञ अदलाबदल न करतां एकदम नवा प्रोसेसर बसवितो. यंत्र चालूं लागतें, आणि जुना प्रोसेसर दोषी होता असें सर्वांस वाटतें. वस्तुतः जुनाच पुन्हां बसविला असता, तरी तें चाललें असतें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच. नव्या वस्तूनें रोग हटला, एवढ्यावरून जुनी वस्तु रोगी होती असें सिद्ध होत नाहीं.

मात्र ही कसोटी हलक्या हातानें घेण्याची आहे. विजेच्या दोन्ही वायरी काढाव्यात, अंगांतील स्थिरविद्युत् उतरविणारा पट्टा मनगटास बांधावा. इंटेलच्या प्रोसेसरांना आज पिना नसतात. त्या सॉकेटमध्यें, म्हणजे मदरबोर्डावर असतात. एका जातीच्या सॉकेटमध्यें त्यांची संख्या ३६४७ आहे! त्यांतील एक वांकडी झाली, तरी नवें दुखणें उभें राहतें. म्हणून सॉकेट उघडतांच दिवा आणि भिंग घेऊन त्या पिना पाहाव्यात. हीट सिंक परत बसवितांना जुना उष्णतावाहक लेप पुसून नवा लावावा आणि स्क्रू कंपनीनें सांगितलेल्या क्रमानेंच आवळावेत. एक कोपरा अधिक दाबला गेला, तर दुसऱ्या टोकाचा सांधा सैल पडूं शकतो.

एवढें झाल्यावर उरतो तो धीर. एखादी चूक अनियमितपणें, पण सरासरीनें वीस दिवसांत एकदां होत असेल, तर दोन दिवस शांततेंत गेले म्हणून ती बरी झाली असें म्हणतां येत नाहीं. कांहींहि दुरुस्ती न करतां वीस दिवस शांततेंत जाण्याची शक्यता शेंकडा ३७ असते. साठ दिवस गेले, म्हणजे ती शेंकडा ५ वर येते. उलट, दुरुस्त झालेली एखादीच चूक दिसली म्हणून घाबरण्याचेंहि कारण नाहीं. चकतीच्या वेष्टनांतील किरणोत्सर्गी अंशांतून निघणारे अल्फा कण मेमरींतील अंक उलटवितात, हें इंटेलच्या मे आणि वुड्स ह्या शास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं दाखवून दिलें. अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळेंहि तसें घडतें. अशा चुकींत कोणाचाच अपराध नसतो. एकाच ठिकाणाहून वारंवार येणारी चूक मात्र संशयास पात्र समजावी.

तक्रार करणाऱ्या यंत्राचा कंटाळा येणें स्वाभाविक आहे. पण त्याहून वाईट यंत्र असतें तें तक्रार न करणारें. २०२१ सालीं फेसबुकच्या अभियंत्यांनीं एका प्रोसेसरची हकीगत प्रसिद्ध केली. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला, तर उत्तर १५६ यावयास पाहिजे. त्या प्रोसेसरमधील एक गाभा शून्य हें उत्तर देई, आणि तेंहि कोणतीच नोंद न करतां! त्या शून्यामुळें फायलींचा आकार शून्य ठरे, आणि त्या फायली पुढें मिळतच नसत. कोणत्याहि कप्प्यांत साक्ष नव्हती, म्हणून अपराधी शोधण्यास अभियंत्यांना फार कष्ट पडले. हें ध्यानांत घेतलें, म्हणजे मध्यरात्रीं लेखणी खालीं ठेवून हाक मारणाऱ्या सर्व्हरची किंमत कळते. ती हाक आदरानें ऐकावी, जशीच्या तशी लिहून घ्यावी, आणि निकाल मात्र पूर्ण चौकशीअंतींच द्यावा.