फोर बाय फोर असली तरी ब्रेक चारच!

लग्नाची वरात असो, निवडणुकीची मिरवणूक असो की मित्राचा वाढदिवस, आष्टी तालुक्यात हल्ली रांगेत एक तरी थार लागतेच. स्वतःची नसली तर मामाची, मामाची नसली तर भाड्याची. काळ्या काचा, मोठे टायर, मागं गाणं आणि स्टेटसला फोटो. ही क्रेझ फक्त आपल्याकडची नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं, तेव्हा पहिल्या तासाभरात पावणेदोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. आणि ही गाडी बनते कुठं? आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकला.

गाडी दमदार आहे, यात वाद नाही. पण ती विकत घेताना आपण काय विचारतो? रंग, म्युझिक सिस्टीम, सनरूफ, हप्ता. तिच्या पोटात जी सुरक्षेची यंत्रणा भरलीये, ती कशासाठी आहे आणि कुठं हात टेकते, हे फार कमी जण विचारतात. मग "थारला काय होतंय?" हा आत्मविश्वास तयार होतो. या लेखात त्या आत्मविश्वासाचीच जरा सर्व्हिसिंग करू.

ट्रॅक्टर चालवलाय? मग अर्धं येतंच

फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. थारच्या फोर बाय फोर मॉडेलला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. त्यावर टू एच, फोर एच, एन आणि फोर एल असं लिहिलेलं असतं. टू एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढणार. रोजच्या डांबरी रस्त्याला हेच. फोर एच म्हणजे चारही चाकं, पण नेहमीच्या वेगाला. ओला मुरूम, चिखलाची पाणंद, वाळू यासाठी. फोर एल म्हणजे चारही चाकं आणि वेग एकदम कमी, पण ओढण्याची ताकद दोन-अडीच पट.

आपल्याकडच्या पोरांना हे नवीन नाही. ट्रॅक्टरला हाय-लोचा दांडा असतोच. भरलेली ट्रॉली चढावरून काढायची तर लो टाकतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट डिफरन्शियल लॉकची. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळं फिरता यावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. पण त्याची एक खोड आहे. एक चाक काळ्या मातीच्या चिखलात रुतून नुसतं गरगर फिरायला लागलं, की ताकद तिकडंच वाया जाते आणि कडक जमिनीवरचं चाक गप उभं राहतं. ट्रॅक्टरवर आपण टाचेनं पेडल दाबून डिफरन्शियल लॉक करतो, दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या चाकांना असं लॉक मिळतं. फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना आहे.

ट्रॅक्टरचा नियम इथंही लागू. लॉक लावून वळायचं नाही. आणि कोरड्या डांबरावर फोर एच टाकून फिरायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण फोर एचमध्ये ती एकमेकांना जखडलेली असतात. चिखलात चाक थोडं घसरून हा ताण सुटतो. डांबरावर चाक घसरत नाही, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

आणखी एक. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थारही बाजारात आहे. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळं मित्राची गाडी घेऊन नदीपात्रात उतरण्याआधी तो छोटा दांडा आहे का, एवढं तरी बघा.

ताकद चालायला, थांबायला नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. फोर बाय फोरमुळं गाडी निघते चांगली, थांबते चांगली असं नाही. ब्रेक चार चाकांना असतात. अल्टोलाही चार आणि थारलाही चार. थांबायचं अंतर ठरतं ते वेग, टायरची पकड आणि रस्ता यांच्यावर.

साधं गणित करू. कोरड्या डांबरावर ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर चांगली गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला तेच अंतर ५५ मीटरच्या आसपास जातं. वेग पावणेदोन पटही वाढला नाही, पण अंतर पावणेतीन पट झालं. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, तेवढ्यात गाडी आणखी २८ मीटर पुढं गेलेली असते. पाऊस पडून गेल्यावर यात भर पडते.

उंच गाडीचा दुसरा प्रश्न तिच्या उंचीचाच. तीन दरवाज्यांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे. त्यामुळं खड्डे, दगड, बांध ती सहज पार करते. पण वजन उंचावर असलं की वेगात वळताना गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. कुत्रं आडवं आलं म्हणून झटक्यात स्टिअरिंग फिरवलं, तर छोटी कार घसरेल, उंच गाडी उलटू शकते.

यासाठी ईएसपी नावाची यंत्रणा असते. गाडी आपण वळवतोय तिकडं न जाता भलतीकडं घसरायला लागली, की सेन्सर ते ओळखतात आणि एखाद्याच चाकाचा ब्रेक आपोआप दाबून तिला रेषेवर आणतात. थारमध्ये उलटण्याचा धोका कमी करणारी सोयही यातच आहे. शिवाय उतारावर हिल डिसेंट कंट्रोल. बटण दाबलं की गाडी ब्रेक स्वतः धरत-सोडत सावकाश उतरते, आपण फक्त स्टिअरिंग सांभाळायचं. सावरगावच्या मच्छिंद्रनाथ गडाच्या बाजूला गर्भगिरीच्या डोंगरात एखादी दगडगोट्यांची वाट उतरायची असेल, तर या बटणाची किंमत कळते.

पण ईएसपी पकड तयार करत नाही. टायरला जेवढी पकड आहे, तेवढीच ती नीट वाटून देते. टायर गुळगुळीत असतील किंवा वेगच अफाट असेल, तर ती तरी काय करणार?

६५० मिलिमीटरचा अर्थ

आता आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. थारच्या जाहिरातीत पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगतात, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त. गुरखाची ७०० मिलिमीटर. महागड्या डिफेंडर ऑक्टाची एक मीटर. हे आकडे खोटे नाहीत. पण ते स्थिर पाण्याचे आहेत. खाली जमीन पक्की आहे आणि ड्रायव्हर हळू जातोय, असं त्यात धरलेलं असतं.

वाहतं पाणी वेगळं असतं. अमेरिकेचा हवामान विभाग लोकांना सांगतो, की जोरात वाहणारं एक फूट पाणी बहुतेक कार वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी एसयूव्ही आणि ट्रकसुद्धा. म्हणजे ज्या खोलीला जाहिरात "चला" म्हणते, त्याच खोलीला पूर "चल" म्हणून ओढून नेतो.

असं का होतं? गाडीचा तळ पाण्यात गेला की पाणी तिला खालून उचलायला लागतं. टायर जमिनीवर दाबून धरणारं वजन कमी होतं, पकड सुटते. वरून बाजूनं पाण्याचा धक्का. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर हा धक्का चौपट होतो. चाकं जमिनीला टेकलेलीच नसतील, तर चार फिरली काय आणि दोन फिरली काय, सारखंच.

सप्टेंबर २०२५ आपण विसरलेलो नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या तालुक्यात एवढा पाऊस कोसळला, की कडा परिसरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. अशा वेळी फरशी पूल दिसत नाही, नुसतं गढूळ पाणी दिसतं. पूल खाली जागेवर आहे का, भराव वाहून गेलाय का, हे वरून सांगता येत नाही.

आपल्याच मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये सात वेळा पाण्यावरून उडी मारतो. प्रत्येक वेळी खड्डा किती लांब, किती खोल, हे मोजलेलं असतं, त्याला पाठ असतं. पावसाळ्यातल्या ओढ्याचं माप कुणालाच पाठ नसतं.

आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारायचा नाही. हवेच्या वाटेनं पाणी इंजिनमध्ये गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतले भाग वाकतात आणि लाखाचं काम निघतं. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत.

स्टार कुणाला मिळाले?

२०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये थारला चार स्टार मिळाले. २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये थार रॉक्सला पाच. मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.०९ आणि लहान मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५ गुण. रॉक्सच्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आणि पाचही जणांना तीन बिंदूंचे बेल्ट आहेत. अभिमान वाटावा असंच हे काम आहे.

पण ही चाचणी कशी होते ते बघा. समोरून धडक ताशी ६४ किलोमीटरला. आत बसवलेल्या पुतळ्यांनी बेल्ट लावलेला असतो. म्हणजे पाच स्टार हे बेल्ट लावून बसलेल्या माणसांचे आहेत. सनरूफमधून अर्धा बाहेर आलेल्या, फुटबोर्डावर लटकून रील काढणाऱ्या पोराला किती स्टार, याची चाचणी कुणी घेतलेली नाही. वेग ताशी १२० असला तर काय, याचीही नाही. एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही. बेल्ट नसेल तर अंग पुढं फेकलं जातं आणि त्याच वेळी बॅग प्रचंड वेगानं फुगून अंगावर येते.

मागच्या सीटचा बेल्ट तर आपल्याकडं सीटखाली दाबलेला असतो. बीड जिल्ह्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे साहेबांच्या कारला अपघात झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की मागच्या सीटचा बेल्ट लावला असता तर ते वाचले असते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर देशभर पुन्हा तीच चर्चा झाली. मागच्या सीटचा बेल्ट कायद्यानं सक्तीचा आहेच, हजार रुपये दंडही आहे.

कंपनीनं दिलेलं, आपण काढलेलं

पुढं जाड लोखंडी गार्ड बसवला की गाडी रुबाबदार दिसते. पण गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा आणि धक्का तिथंच संपावा, अशी त्याची रचना असते. गार्ड हा धक्का थेट चेसीवर नेतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब बिघडवू शकतो आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याला तर वाचायची संधीच ठेवत नाही. म्हणूनच केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. सीटमध्ये एअरबॅग असेल तर बाजारातलं घट्ट कव्हर तिची वाट अडवतं. वाजवीपेक्षा मोठे टायर लावले तर गाडी आणखी उंच होते आणि वेगाचा काटाही चुकीचा दाखवतो.

रॉक्सच्या वरच्या मॉडेलमध्ये ॲडास आहे. कॅमेरा आणि रडार रस्त्यावर नजर ठेवतात आणि गरज पडली तर गाडी स्वतः ब्रेक मारते. चांगली सोय. पण पांढरे पट्टे पुसलेला रस्ता, धूळ, पाऊस, अंधार यात तिची नजरही कमी पडते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रात्री मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतीलच याची खात्री कोण देणार? तिथं वेग कमी करणं हेच खरं फीचर.

आणि आष्टीतून मोठ्या उपचारासाठी नगर नाहीतर बीड गाठावं लागतं. अपघातानंतरचा पहिला तास डॉक्टर सोन्याचा म्हणतात, आपला तो रस्त्यातच जातो. त्यामुळं शहरातल्या पोरांपेक्षा आपल्याला बेल्टची गरज जास्तच आहे.

चावी हातात घेण्याआधी

• गाडी फोर बाय फोर आहे की फक्त मागच्या चाकांची, ते बघा.
• ईएसपी, हिल डिसेंट आणि डिफरन्शियल लॉक या मॉडेलमध्ये आहे का, शोरूममध्ये विचारा. सगळ्या मॉडेलला सगळं मिळत नाही.
• टायरची हवा आणि नक्षी तपासा. सगळी यंत्रणा शेवटी टायरवरच चालते.
• फोर एल आणि लॉक आधी मोकळ्या रानात शिका, अडकल्यावर नाही.
• पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागं घ्या. गाडी कुठलीही असो.
• मागच्या सीटचे बेल्ट आजच सीटखालून वर काढा. हे फीचर फुकट आहे, फक्त लावावं लागतं.