सात्सुकी बोन्साय

सात्सुकी बोन्साय म्हणजे सात्सुकी गटातील अझेलियाचे झुडूप उथळ कुंडीत वाढवून, छाटणी आणि तारेच्या साहाय्याने त्यास लहान आकाराच्या जुन्या वृक्षाचे रूप देण्याचा जपानी उद्यानकलेतील प्रकार होय. हे झाड प्रामुख्याने फुलांसाठी जोपासले जाते. त्यामुळे त्याच्या छाटणीत आकाराइतकेच वेळापत्रकाला महत्त्व असते. चुकीच्या महिन्यात छाटलेले झाड जगते, डौलदारही दिसते, परंतु पुढील वर्षी फुलत नाही.

नाव व इतिहास

जुन्या जपानी चांद्र पंचांगातील पाचव्या महिन्यास ‘सात्सुकी’ म्हणतात. इतर बहुतेक अझेलियांचा बहर ओसरल्यावर, साधारण मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनमध्ये ही झुडपे फुलतात, म्हणून हे नाव पडले. ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम आणि ऱ्होडोडेंड्रॉन तामुराए या दोन जातींपासून व त्यांच्या संकरातून सात्सुकीचे वाण तयार झाले. ‘इंडिकम’ या नावामुळे ही वनस्पती भारतातील असावी असा समज होतो, परंतु ती मूळची जपानची असून तेथील डोंगराळ भागात नदीकाठच्या खडकांवर वाढते. लिनियसने 1753 मध्ये तिला ‘अझेलिया इंडिका’ म्हटले आणि ते विशेषण पुढे टिकून राहिले.

एदो (आताचे टोकियो) शहराजवळील सोमेई येथील रोपवाटिकाकार इतो इहेई याने 1692 मध्ये ‘किन्शू माकुरा’ हा पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अझेलियांच्या तीनशेहून अधिक वाणांची नोंद असून सात्सुकींना स्वतंत्र स्थान दिले आहे. आज तोचिगी प्रांतातील कानुमा हे शहर सात्सुकीचे प्रमुख केंद्र मानले जाते. ‘कानुमा माती’ याच परिसरात मिळते. ती प्रत्यक्षात माती नसून आकागी पर्वताच्या प्राचीन उद्रेकातून पडलेला पिवळसर, हलका प्यूमिस दगड आहे. ती आम्लधर्मी असते आणि पाणी धरूनही मुळांशी हवा खेळती ठेवते. अझेलियाला चुनखडीयुक्त माती व जड पाणी मानवत नाही. त्यामुळे शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडू लागतात.

छाटणी

सात्सुकीच्या पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यातच, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, नव्या फुटीच्या टोकांवर धरू लागतात. म्हणून मुख्य छाटणी बहर संपताच करतात आणि ती जूनअखेर किंवा फार तर जुलैच्या आरंभी आटोपतात. त्यानंतर शेंडे कापले तर कळ्याच कापल्या जातात. छाटणीपूर्वी सर्व फुले काढून टाकतात. केवळ पाकळ्या ओढून भागत नाही. तळाचा अंडाशय राहिल्यास झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होते.

फुलाच्या तळापासून एकाच जागी तीन ते पाच कोंब फुटतात. ते सर्व राहू दिल्यास तेथे गाठ येऊन फांदी बेढब होते. त्यामुळे डावी-उजवीकडे जाणारे दोन कोंब ठेवून वर, खाली आणि मध्यभागी असलेले कोंब काढतात. ठेवलेले कोंबही एक-दोन पानांपर्यंत आखूड करतात.

बहुतेक वृक्षांत शेंड्याचा जोर अधिक असतो. सात्सुकी मुळात झुडूप असल्याने तिच्यात उलट घडते आणि बुंध्याजवळच्या फांद्या अधिक जोमाने वाढतात. इतर बोन्सायच्या सवयीने शेंडा कडक छाटून खालच्या फांद्या मोकळ्या सोडल्या, तर काही वर्षांत माथा दुबळा होतो आणि खालचा भाग जाड होत जातो. येथे खाली कठोर आणि वर सौम्य छाटणी करावी लागते. या झाडाचा मोठा गुण असा की जुन्या, पाने नसलेल्या लाकडातूनही नवे डोळे फुटतात, त्यामुळे निरोगी झाड बरेच मागे कापता येते. मोठ्या जखमा मात्र सावकाश भरतात. त्यांवर लेप लावतात.

अनेक वाणांत एकाच झाडावर पांढरी, गुलाबी आणि पट्टेदार फुले येतात. अशा झाडावर एकरंगी गडद फुले देणारी फांदी पुढेही बहुधा तशीच फुले देते, आणि तिची वाढ मोकळी राहिल्यास झाडाचे वैविध्य कमी होत जाते. छाटणीच्या वेळी फुले उरलेली नसतात, म्हणून बहरातच अशा फांद्यांवर दोरा बांधून ठेवणे सोयीचे ठरते.

आकार घडत असलेल्या झाडावर दरवर्षी पूर्ण बहर घेणे हितावह नाही. एखाद्या वर्षी कळ्या आधीच खुडल्यास तीच शक्ती फांद्यांच्या वाढीस मिळते. हौशी व्यक्तीला हा निर्णय सर्वांत जड जातो.

तारेने वळण देणे

सात्सुकीचे लाकूड ठिसूळ आणि साल पातळ असते. कोवळी फांदी सहज वाकते, पण जुनी फांदी फारसा इशारा न देता बेचक्यात फाटते. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेपेक्षा मऊ असल्याने नवशिक्यांना सोयीची असते. फांदीच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची तार निवडून ती अंदाजे 45 अंशांच्या कोनात गुंडाळतात. शक्यतो एकाच तारेने जवळच्या दोन फांद्या बांधतात, म्हणजे मधल्या खोडावर तिला आधार मिळतो. साल जपण्यासाठी तारेवर कागद गुंडाळण्याचीही पद्धत आहे.

वळण देण्याच्या आदल्या दिवशी पाणी थोडे कमी दिल्यास फांद्या किंचित लवचिक होतात. वाकवताना वळणाच्या बाहेरील बाजूस अंगठ्याचा आधार द्यावा लागतो. मोठे वळण एका बैठकीत न देता काही आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे वाढवतात. वाढीच्या काळात फांदी लवकर जाड होते आणि तार सालीत रुतून वळ उठतात. पातळ सालीवर ते दीर्घकाळ दिसतात. तार उलट फिरवून काढताना फांदी मोडण्याचा धोका असतो, म्हणून ती कटरने तुकडे करून काढतात. तार काढल्यावर फांदी पूर्वस्थितीकडे परतू लागल्यास ती जागा बदलून पुन्हा बांधतात.