रात्री २.५८ ची बेल

बोट आलिशान. केबिन फर्स्ट क्लासची. तरुणी देखणी, वर पुन्हा अभिनेत्री. आणि सकाळी बघतात तर केबिन रिकामी! अगाथा ख्रिस्तीबाईंच्या कपाटातून निसटलेला प्लॉट वाटतोय ना? पण ही शंभर टक्के खरी केस आहे. इंग्लंडमध्ये ती ‘पोर्टहोल मर्डर’ म्हणून गाजली. पोर्टहोल म्हणजे बोटीची ती गोल खिडकी.

सुटी घेऊन क्रूझवर जायची फॅशन आपल्याकडे अलीकडची. १९४७ मध्ये मात्र बोट ही चैन नव्हती, तो प्रवासाचा रोजचा मार्ग होता. विमानं होती, पण ती मोजक्यांसाठी. दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडला जायचं म्हणजे सरळ पंधरा दिवस बोटीवर मुक्काम. युनियन कॅसल कंपनीच्या बोटी या रूटवर राज्य करायच्या. त्यातलीच एक ‘डरबन कॅसल’. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फमध्ये बांधलेली, सतरा हजार टनांची. (हो, तेच कारखानदार, ज्यांनी टायटॅनिक बांधली.) डेकवर खुर्च्या, संध्याकाळी डान्स, जेवणाला ठरलेलं टेबल आणि बेल दाबली की हजर होणारे स्ट्यूअर्ड. थोडक्यात, तरंगतं फाइव्ह स्टार.

१० ऑक्टोबर १९४७ ला ही बोट केपटाऊनहून साऊदम्पटनकडे निघाली. बी डेकवरच्या १२६ नंबरच्या केबिनमध्ये होती गे गिब्सन. पूर्ण नाव आयलीन इसाबेला रॉनी गिब्सन, वय २१. जन्म भारतातला, जमालपूरचा. युद्धाच्या काळात ती ब्रिटिश सैन्याच्या महिला दलात होती आणि तिथेच तिला नाटकाचा नाद लागला. मग जोहान्सबर्गमध्ये ‘गोल्डन बॉय’ या नाटकात काम केलं आणि आता इंग्लंडच्या रंगभूमीवर नशीब आजमावायला निघाली होती. बोलकी, स्मार्ट, थोडी बिनधास्त. फर्स्ट क्लासमधले बहुतेक प्रवासी तिच्यापेक्षा बरेच मोठे. करमणुकीचा ऑप्शन म्हणजे डान्स आणि गप्पा, बस्स.

दुसरं मुख्य पात्र जेम्स कॅम्ब. वय ३१, डेक स्ट्यूअर्ड, म्हणजे डेकवर ड्रिंक्स आणि चहापाणी पोचवणारा. घरी बायको आणि मुलगी. दिसायला चिकना, बोलायला गोड.  स्टाफनं प्रवाशांच्या केबिनमध्ये जायचं नाही हा कंपनीचा कडक नियम. तो मोडला तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

त्या रात्री काय घडलं?

१७ ऑक्टोबरची रात्र. बोट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, विषुववृत्ताच्या पट्ट्यात. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. डान्स आटोपल्यावर गेला पोहायची लहर आली. पण स्विमिंग सूट काही सापडेना. साडेबारा वाजून गेल्यावर सोबतचे लोक तिला केबिनशी सोडून गेले. एकच्या सुमारास एका खलाशानं तिला डेकवर कठड्याशी सिगारेट ओढताना पाहिलं. खाली फार गरम होतंय, असं ती म्हणाली. त्यानंतर तिला जिवंत पाहिलेला साक्षीदार एकच, आणि तोच पुढे आरोपी झाला.

रात्री २ वाजून ५८ मिनिटांनी १२६ मधून बेल वाजली. केबिनमध्ये दोन बटणं असायची, एक स्ट्यूअर्डसाठी आणि एक स्ट्यूअर्डेससाठी. प्रवासी एकच दाबणार ना? पण रखवालदार फ्रेडरिक स्टीअर तिथे पोचला तेव्हा दाराबाहेरचे लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे लागलेले. त्यानं दार ठोठावलं, थोडं ढकललं. आतून एका पुरुषानं ते पुन्हा लोटलं आणि ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितलं. स्टीअरनं चेहरा ओळखला. कॅम्ब!

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

स्टीअर जाऊन वरिष्ठ रखवालदाराला घेऊन आला. दोघं दाराबाहेर थांबले. आत सामसूम. मग ब्रिजवरच्या अधिकाऱ्याला कळवलं, पण कॅम्बचं नाव न घेता. उगाच कुणाची नोकरी कशाला घालवा! अधिकाऱ्याचं म्हणणं साधारण असं की प्रवाशांच्या खासगी भानगडीत आपण पडू नये. झालं. विषय संपला.

माझ्या मते ही सगळी केस या पाच-दहा मिनिटांत आहे. एका मुलीनं बेल दाबली, एक नाही, दोन्ही. ती बेल ऐकू आली. माणूस आला. आणि आत पुरुष दिसल्याबरोबर सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे ‘पर्सनल मॅटर’ आहे.

गोल खिडकी

सकाळी साडेसातला स्ट्यूअर्डेसनं दार ठोठावलं. दार उघडंच होतं, केबिन रिकामी. बिछाना जरा जास्तच विस्कटलेला, चादरीवर आणि उशीवर डाग. पोर्टहोल सताड उघडं. अंघोळीला गेली असेल म्हणून थोडी वाट बघितली, मग बोटभर शोध सुरू झाला. कॅप्टन आर्थर पेटी यांनी बोट उलटी फिरवली. पण तोवर तास उलटून गेले होते, आणि त्या पाण्यात शार्क होते. काही वेळ समुद्र धुंडाळून बोट पुन्हा आपल्या मार्गाला लागली.

मग मात्र स्टीअरनं तोंड उघडलं. कॅम्बनं साफ कानावर हात ठेवले. मी तर माझ्या बंकवर झोपलो होतो, म्हणाला. पण भर उकाड्यात हा माणूस लांब बाह्यांचं जॅकेट घालून फिरत होता, हे लोकांच्या नजरेत आलं. बोटीवरच्या डॉक्टरनं तपासलं तर खांद्यावर आणि मनगटावर ओरखडे. यावर कॅम्बचं उत्तर काय? घामोळ्यांमुळे टॉवेलनं खाजवलं! लंडनहून कंपनीची तार आली की केबिन सील करा, कशालाही हात लावू नका. कॅप्टननं केबिनला कुलूप ठोकलं. पुढे कोर्टात जे काही टिकलं ते या कुलपामुळे.

बोट इंग्लंडला पोचली आणि पोलीस वर चढले. आधी कॅम्बनं तोच पाढा वाचला. कुणीतरी आपल्याला दारात पाहिलं आहे हे पटल्यावर त्यानं गोष्ट फिरवली. म्हणाला, हो, मी गेलो होतो. तिनंच बोलावलं होतं. जे झालं ते राजीखुशीनं झालं, पण ऐन वेळी तिला झटका आला, तोंडाला फेस आला आणि ती गेली. मी घाबरलो आणि तिला पोर्टहोलमधून बाहेर ढकललं.

म्हणजे बॉडी समुद्रात टाकल्याचं कबूल, खून मात्र नाकबूल. आणि बॉडीच नाही म्हटल्यावर पोस्टमॉर्टेम कशाचं करणार? ‘नो बॉडी, नो मर्डर’ अशी एक समजूत आहे. कॅम्बलाही ती खरी वाटली असेल तर नवल नाही. पण इंग्लंडच्या कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. भीती मात्र होती, आणि तीही सकारण. १६६० मध्ये कॅम्पडेन गावचा विल्यम हॅरिसन नावाचा माणूस गायब झाला. खून झाला असं गृहीत धरून तिघांना फाशी दिलं गेलं. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परत आला! तेव्हापासून ब्रिटिश कोर्टं प्रेताशिवायच्या खटल्यात जपून पाऊल टाकायची.

आणि मेलेल्या मुलीवरच खटला

मार्च १९४८. विंचेस्टरचा ऐतिहासिक ग्रेट हॉल, भिंतीवर किंग आर्थरचं म्हणून प्रसिद्ध असलेलं ते राऊंड टेबल. समोर कोर्टात मांडलेला केबिनमधला बेड आणि बोटीवरून आणलेलं अख्खं पोर्टहोल. जस्टिस हिलबरी न्यायासनावर. पेपरवाल्यांची तर दिवाळीच.

बचाव पक्षाचे वकील जे. डी. कॅसवेल यांना सिद्ध करायचं होतं की गे आजारी होती आणि ती ‘त्यातली’ होती. दक्षिण आफ्रिकेतून तिच्या ओळखीचे लोक साक्षीला आले. ती कधीमधी चक्कर येऊन पडायची, असं सांगितलं गेलं. तिची आई म्हणाली, माझी मुलगी ठणठणीत होती. सुटकेसमध्ये सापडलेल्या गर्भनिरोधक साधनावर भर कोर्टात चर्चा झाली. मित्र कोण, भानगडी किती, स्वभाव कसा, सगळं चव्हाट्यावर. उत्तर द्यायला ती नव्हती. अशी चर्चा ऑफिसच्या पँट्रीत आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकली आहे. फरक इतकाच की इथे ती शपथेवर चालली होती.

पण समजा, ती खरंच बिनधास्त होती. समजा, तिनंच बोलावलं होतं. मग दोन्ही बेल कुणी दाबल्या? तिला झटका आला आणि कॅम्बनंच मदतीसाठी दाबल्या म्हणावं, तर मदतीला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार का लोटलं? आणि तिनं दाबल्या असतील, तर राजीखुशीची गोष्ट तिथेच संपते. या प्रश्नाला बगल देता येईल असा रस्ताच नाही.

दुसरी गोष्ट, पायजमा. कॅम्ब म्हणाला, तिच्या अंगावर फक्त गाऊन होता. पण ती रोज घालायची तो काळा पायजमा केबिनमधून गायब होता. बॉडीबरोबर तो समुद्रात गेला असेल, तर तो तिच्या अंगावर होता. आणि कॅम्ब खोटं बोलत होता.

मेडिकल पुराव्यात तर नाट्यच झालं. सरकारी पॅथॉलॉजिस्ट डॉ. डोनाल्ड टिअर यांच्या मते चादरीवरचे रक्तमिश्रित लाळेचे डाग गळा आवळल्याशी जुळणारे होते. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला त्याच चादरीवर लघवीचा डाग सापडला. झटक्यानं माणूस मेला तर असं होतं, म्हणून हा पुरावा कॅम्बच्या बाजूचा. पण गळा दाबल्यावरही नेमकं हेच होतं! सरकारी वकिलांनी हा मुद्दा आयता उचलला. बचाव पक्षानं मेहनतीनं शोधलेली गोष्ट त्यांच्याच अशिलावर उलटली. रक्ताचे डाग ‘ओ’ गटाचे निघाले, कॅम्बचा गट ‘ए’.

स्वतः कॅम्ब साक्षीच्या पिंजऱ्यात आला आणि होतं नव्हतं तेही घालवून बसला. थंड, सफाईदार. झटका आला तर डॉक्टरला का नाही बोलावलं, या प्रश्नाचा रोख नोकरी जाण्याच्या भीतीकडे वळवत राहिला. नोकरी वाचवण्यासाठी माणसाला समुद्रात फेकलं, ही त्याची त्याच्या बाजूची गोष्ट होती, हे लक्षात घ्या.

२२ मार्चला ज्युरी बाहेर गेली आणि ४५ मिनिटांत परत आली. दोषी. शिक्षा फाशी.

फाशी हुकली

पण इथे नशीब बघा. नेमक्या त्याच दिवसांत ब्रिटिश संसदेत फाशी रद्द करण्यावर वाद चालू होता. १४ एप्रिल १९४८ ला हाऊस ऑफ कॉमन्सनं फाशी स्थगित करण्याच्या बाजूनं मत दिलं. कॅम्बचं अपील फेटाळलं गेलं, पण महिनाअखेर गृहमंत्र्यांनी फाशीऐवजी जन्मठेप दिली. पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्सनं ते कलम हाणून पाडलं आणि देशात फाशी पुन्हा सुरू झाली. कॅम्ब मात्र त्या अधल्यामधल्या खिंडीतून सुटला. चर्चिलसाहेब इतके भडकले की त्यांनी याच केसचं उदाहरण देऊन सरकारला धारेवर धरलं.

खटल्यानंतर आणखी एक गोष्ट बाहेर आली. आधीच्या सफरींमध्ये कॅम्बनं आपल्यावर जबरदस्ती केली, असं सांगणाऱ्या तीन बायका पुढे आल्या होत्या. ज्युरीसमोर ते येऊ शकलं नाही. आरोपीचा पूर्वेतिहास कोर्टात आणायला कायद्याची आडकाठी. मेलेल्या मुलीचा पूर्वेतिहास आणायला मात्र कसलीच नव्हती.

या केसवर आजही दोन तट आहेत. झटक्याची शक्यता वैद्यकीयदृष्ट्या शून्य नव्हती, असं म्हणणारे आहेत, आणि निव्वळ चादरीपुरतं बोलायचं तर ते चूकही नाहीत. मला मात्र त्या बेलवरून पुढे सरकता येत नाही.

१९५९ मध्ये कॅम्ब सुटला. नाव बदलून त्यानं नवं आयुष्य सुरू केलं. १९६७ मध्ये आठ वर्षांच्या मुलीवरच्या हल्ल्याबद्दल तो दोषी ठरला आणि कोर्टानं त्याला चक्क प्रोबेशनवर सोडलं! १९७१ मध्ये शाळकरी मुलींच्या बाबतीत पुन्हा तेच, आणि मग मात्र जन्मठेप पुरी करायला त्याची रवानगी परत तुरुंगात झाली. १९७८ मध्ये बाहेर आला, १९७९ मध्ये हार्टनं गेला. डरबन कॅसल त्याच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, हॅम्बुर्गच्या भंगार यार्डात तोडली गेली होती. गे गिब्सन मात्र कधीच सापडली नाही. तो काळा पायजमाही नाही.