वायर न खोचता आवाजाची जोडणी

रेकॉर्डिंग स्टुडिओत पॅचबे नावाची एक पट्टी असते. कुठल्या यंत्राचा आवाज कुठे न्यायचा, ते तिच्यात वायरी खोचून ठरतं. लिनक्सवर हेच काम माउसने होतं.

पॉल डेव्हिस यांचा ‘जॅक’ हा ध्वनी-सर्व्हर एका प्रोग्रॅमचा आवाज थेट दुसऱ्यात पोचवतो. मात्र कमांड टाइप करत जोडण्या करणं म्हणजे डोकेदुखीच. रुई नुनो कापेला यांच्या ‘क्यूजॅककंट्रोल’ या साधनात प्रत्येक प्रोग्रॅम एक चौकोन बनून समोर येतो. फ्लुइडसिंथ या सॉफ्टवेअर-सिंथच्या आउटपुटवरून रेघ ओढून आर्डर या रेकॉर्डिंग प्रोग्रॅमच्या इनपुटवर सोडली, की सिंथचा आवाज ट्रॅकवर रेकॉर्ड करता येतो. मिडीचं, म्हणजे सुरांच्या सूचना नेणारं, पोर्ट ऑडिओच्या पोर्टाला जोडायला गेलं तर ते जुळतच नाही.

नवखे अडखळतात ते एका गोष्टीपाशी. अशी ओढलेली रेघ प्रोग्रॅम बंद होताच पुसली जाते! त्यावर उपाय याच साधनातला ‘पॅचबे’: जोडण्यांचा आराखडा सेव्ह करून तो सुरू ठेवला, की प्रोग्रॅम पुन्हा उघडताच तारा आपोआप जुळतात. खरी करामत हीच.

जॅकच्या सेटिंगमध्ये ४८,००० हर्ट्झ, २५६ फ्रेम आणि २ पिरियड ठेवले, तर विलंब साधारण १०.७ मिलिसेकंद. फ्रेम कमी केल्या तर विलंब घटतो, पण प्रोसेसर दमला की आवाज तडतडू लागतो.

जॅकऐवजी पाइपवायर हा ध्वनी-सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी कापेला यांचंच ‘क्यूपीडब्ल्यूग्राफ’ हे असंच साधन आहे.