लोकप्रिय संगीतातील क्रिकेट

लोकप्रिय संगीतात क्रिकेटचे उल्लेख खेळाडूच्या गौरवासाठी, तसेच जीवनाचे रूपक म्हणून येतात. सुनील गावसकर यांच्या संदर्भात हे दोन्ही प्रकार आढळतात. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ४ कसोटी सामन्यांत ७७४ धावा केल्या आणि भारताने ती मालिका १-० अशी जिंकली. त्रिनिदादचे गायक लॉर्ड रिलेटर यांनी या पराक्रमावर कॅलिप्सो या तेथील लोकप्रिय शैलीत गीत रचले. यजमान गोलंदाजांना गावसकर बाद करता येत नाहीत, हा त्याचा विषय आहे. पुढे शांताराम नांदगावकर यांनी लिहिलेले ‘हे जीवन म्हणजे क्रिकेट’ हे मराठी गीत स्वतः गावसकरांनी गायले. त्यात मात्र, खेळाप्रमाणेच जीवनातही एका चुकीने डाव संपतो, असा इशारा आहे.