दुरून चालणारे हात

जानेवारी २०२५ मध्ये जयपूरच्या मणिपाल रुग्णालयात हृदयरोग्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मुख्य शल्यवैद्य डॉ. सुधीर श्रीवास्तव हे त्या शहरातच काय, राजस्थानातही नव्हते. सुमारे २८६ किलोमीटरांवर गुरुग्राम येथे ते एका पडद्यासमोर बसले होते. आणि ‘एसएसआय मंत्र’ या भारतीय बनावटीच्या यंत्राचे बाहू जयपुरात त्यांच्या हातांबरहुकूम हालत होते. छातीच्या आतील बाजूची धमनी त्यांनी अशा रीतीने ५८ मिनिटांत मोकळी केली. हृदयाची रक्तवाहिनी अडली म्हणजे रक्ताला दुसरी वाट करून देण्यासाठी ही धमनी उपयोगी पडते.

इतके नाजूक काम पडद्यावर पाहून कसे साधावे? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा, म्हणजे अडचण ध्यानी येईल. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात आणि त्या दोन चित्रांच्या मेळातून मेंदूला खोलीचे ज्ञान होते. म्हणून यंत्राचा कॅमेराही दोन चित्रे घेतो, व खास चष्म्यामुळे प्रत्येक डोळ्यास त्याचे त्याचेच चित्र दिसते. आभासी वास्तवाच्या उपकरणांचे मूळही याच तत्त्वात आहे.

मोठा प्रश्न विलंबाचा. हात हालल्यावर चित्र उशिरा हालले, तर शस्त्र नको तेथे जाईल. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. या हिशेबाने गुरुग्रामहून जयपूर गाठण्यास त्याला दीड सहस्रांश सेकंदही लागत नाही. तरीही प्रत्यक्ष विलंब ३५ ते ४० सहस्रांश सेकंदांचा होता. याचा अर्थ असा की, वेळ खाते ते अंतर नव्हे. चित्राचे अंकांत रूपांतर करणे, ते आटोपशीर करून धाडणे आणि पलीकडे पुन्हा उलगडणे, यांतच तो बहुतेक खर्ची पडतो. २००१ साली डॉ. झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढले, तेव्हा हा विलंब सुमारे १५५ सहस्रांश सेकंदांचा होता.

संपर्क तुटलाच तर? त्यासाठी जयपुरात रुग्णापाशी शल्यवैद्यांचे पथक सज्ज होते. साहजिकच, असे पथक व असे यंत्र ज्या गावी नाही, तेथे ही सोय पोचत नाही. त्या गावच्या रुग्णास साध्या चित्रसंभाषणाने वैद्यकीय सल्ला देणारी ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा मात्र २०१९ पासून चालू आहे.